खरी निवडणूक जूनमध्येच!

न्यूयॉर्क शहर म्हणजे डेमोक्रॅट्सचा बालेकिल्ला. तिथे मत दिलं काय अन् न दिलं काय, असंच वाटतं ना तुम्हाला? मलाही वाटायचं. पण याच शहराने १९९३ ते २००५ या काळात सलग चार वेळा रिपब्लिकन पक्षाचा महापौर निवडून दिला. आजही तिथला स्टेटन आयलंड हा भाग रिपब्लिकनांकडेच झुकतो.

बरं, डेमोक्रॅटच जिंकणार असेल, तर कोणता डेमोक्रॅट हे कोण ठरवतं? पक्षाकडे नाव नोंदवलेले मतदार, जूनमधल्या प्रायमरीत! २०२५ मध्ये जोहरान ममदानींनी माजी गव्हर्नर अँड्र्यू क्युमोंना तिथेच हरवलं. तरुण मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडले होते. नोव्हेंबरमध्ये ममदानी महापौरपदी निवडूनही आले.

मात्र कुठल्याच पक्षाकडे नाव न नोंदवलेल्या दहा लाखांहून जास्त मतदारांना प्रायमरीत मतच नव्हतं. हे काही पटत नाही. शहराचा कारभारी जिथे ठरतो, त्या दारातच एवढ्यांना का अडवायचं?

तरी तिथे उमेदवार ठरवायला निदान मतदान होतं. आपल्याकडे तिकीट कोणाला, हे पक्षाचे नेतेच ठरवतात. पुढच्या वेळी ‘चांगला उमेदवारच नाही’ म्हणाल, तेव्हा एवढंच विचारा: तो ठरवताना आपल्याला कोणी विचारलं होतं का?