ऐकणाऱ्याचे कोण ऐकणार?

वडखळच्या नाक्यावर उभे राहिले की एक रस्ता अलिबागला जातो आणि दुसरा गोव्याकडे. तेथे थांबलेला प्रत्येक जण घाईत असतो. कुणी कुणाचे ऐकत असेल तर ते हॉर्नचेच! याच नाक्यावर माझे बाबा मिनीडोर चालवतात, आणि या लेखाचा विषय मला नकळत त्यांनीच दिला.

चार वर्षांपूर्वी, ऐन पावसात, त्यांच्या गाडीसमोर अपघात झाला. चूक बाबांची नव्हती. पण एक मोटारसायकलवाला त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. त्यानंतर अडीच महिने बाबांनी गाडीला हात लावला नाही. रात्री-अपरात्री उठून ओटीवर बसून राहात. शेजारी म्हणाले, बाहेरचे लागले असेल, भगताकडे न्या. आईने तेही करून पाहिले. शेवटी कुणीतरी एका समुपदेशक ताईंकडे पाठवले. 'समुपदेशन' हा शब्द आमच्या घरात त्या दिवशी प्रथम आला. ताईंनी गोळी दिली नाही की उपदेश केला नाही. आठवड्यातून एकदा बसवून बोलते केले, इतकेच. सहाव्या की सातव्या खेपेला बाबा रडले, आणि गणपतीच्या आधी गाडी पुन्हा नाक्यावर लागली.

त्याच काळात दुसरीही एक गोष्ट घडत होती. युनियनची माणसे संध्याकाळी घरी येऊन बसत. त्यांनी वर्गणी काढून गाडीचा एक हप्ता भरला. त्यांच्यातले दोघे अशाच प्रसंगातून गेलेले होते. ते फारसे बोलत नसत, पण त्यांच्यासमोर बाबांना लाज वाटत नसे. युनियन म्हणजे भाडेवाढीसाठी घोषणा देणारी मंडळी, अशी माझी समजूत होती. ती त्या पावसाळ्यात बदलली.

गेल्या दिवाळीत त्या ताई बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "ते काम मी सोडले ग बाय." मी कारण विचारले. म्हणाल्या, "दिवसाला दहा-बारा जणांचे दुःख ऐकायचे. घरी येऊन भाकऱ्या थापताना तेच डोक्यात. तुझ्या बाबांनी सांगितलेले मी आजवर माझ्या नवऱ्यालाही सांगितले नाही. सांगणारच कशी? पण मग माझे मी कुणाला सांगायचे?"

वाचकहो, या प्रश्नाने मला झोप लागू दिली नाही. शिक्षक दमला तर शिक्षकांच्या खोलीत बोलतो. शेतकरी बांधावर बोलतो. समुपदेशकाला मात्र गुपित पाळण्याची शपथच असते. त्याचे ओझे जितके जड, तितके त्याचे तोंड बंद! हे ओझे तो फक्त एकाच ठिकाणी उतरवू शकतो. तेच काम करणाऱ्या आणि तीच मर्यादा पाळणाऱ्या माणसांत, तेही कुणाचे नाव-गाव न सांगता.

ही कल्पना नवी नाही. 1950 च्या दशकात लंडनमध्ये मायकेल बालिंट या मनोविश्लेषकाने साध्या, घरोघरच्या डॉक्टरांचे लहान गट जमवले. ठरावीक दिवशी बसायचे आणि आपल्याला छळणाऱ्या एखाद्या रुग्णाविषयी मोकळेपणी बोलायचे. त्याने 1957 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले आणि असे गट पुढे देशोदेशी पसरले. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांची संघटना 1947 पासून आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची 1968 पासून आहे. पण शाळेत, दवाखान्यात, महिलांच्या तक्रारींच्या केंद्रात मुकाट्याने ऐकत बसणारी जी ताई-दादांची फळी आहे, तिच्यापर्यंत या संघटना पोहोचतात काय?

प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने एका 'समुपदेशका'ला मनातले सांगितले आणि आठवडाभरात ते तिच्या वडिलांच्या कानावर गेले. तक्रार कुठे करायची? डॉक्टर चुकला तर वैद्यक परिषद आहे, वकील चुकला तर बार कौन्सिल आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी 1992 च्या कायद्याखालील पुनर्वास परिषदेकडे होते. इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांना कक्षेत घेणारा कायदा 2021 मध्ये झाला. पण दिल्लीत कायदा झाला म्हणजे वडखळच्या नाक्यावर व्यवस्था झाली, असे नाही. तोवर चार दिवसांचे शिबिर करून कुणीही पाटी लावू शकतो.

म्हणून माझे म्हणणे असे की, सभासदत्व आणि सोबत या दोन गोष्टी एकत्रच हव्यात. बाबांच्या युनियनमध्ये रांग मोडली तर दंड आहे आणि संकट आले तर वर्गणीही आहे. नुसता दंड असेल तर ते पोलिसखाते होईल. नुसती सोबत असेल तर एकमेकांच्या चुका झाकणारी टोळी होईल!

यावर कुणी म्हणेल, सभासदत्व आले की पदवीची अट येईल, आणि अनुभवाने शहाणी झालेली माणसे बाहेर पडतील. हा आक्षेप खरा आहे. पुण्याचे मुक्तांगण 1986 मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केले. व्यसनातून बाहेर आलेली माणसे तेथे दुसऱ्यांना आधार देत आली आहेत. त्यांना कोणती पदवी विचारणार? 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची चळवळ तर समदुःखी माणसांच्या बळावरच उभी आहे. म्हणून सभासदत्वाच्या पायऱ्या वेगवेगळ्या असाव्यात. पदवीधराची वेगळी, अनुभवी कार्यकर्त्याची वेगळी. पण गुपित पाळण्याचा नियम आणि तक्रारीची जागा सर्वांना एकच असावी.

दुसरा आक्षेप पैशाचा. मुंबई-ठाण्याची वर्गणी आणि गाडीभाडे आपल्याकडच्या मानधनावर काम करणाऱ्या ताईला झेपणार नाही. खरे आहे. म्हणून सुरुवात इथूनच व्हावी. आपल्या जिल्ह्याने 22 जुलै 2021 ला महाडजवळचे तळिये आणि 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेलेली पाहिली. वाचलेल्यांजवळ जे कोणी ऐकत बसले असतील, त्यांचे नंतर कुणी ऐकले असेल काय? आज 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर कुणीही फोन करून मन मोकळे करू शकतो. ही मोठीच सोय आहे. पण फोनच्या दुसऱ्या टोकालाही माणूसच बसलेला असतो.

आपल्या महाविद्यालयाने महिन्यातल्या एका रविवारी एक वर्ग उघडून द्यावा. पेण, वडखळ, रोहा इथल्या समुपदेशकांनी तेथे दोन तास बसावे. चहाची जबाबदारी आम्ही मानसशास्त्राचे विद्यार्थी घेऊ आणि दार लावून बाहेर बसू.

यात माझा स्वार्थही आहे, तो लपवीत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि मला हेच काम करायचे आहे. आई विचारते, नोकरी लागेल का? माझा प्रश्न वेगळा आहे. लागली तर मी टिकेन का? बाबांना बोलते करणाऱ्या ताई टिकल्या नाहीत. त्या कमी पडल्या म्हणून नव्हे, एकट्या पडल्या म्हणून. बाबा टिकले, कारण त्यांना ताई होत्या आणि युनियनही होती.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला