मॅक घेण्याआधी तुमच्या अकाउंटंटला विचारा



आज मला माझ्याच एका व्हिडिओच्या विरोधात बोलायचं आहे. "मी विंडोज का सोडलं" हा तो व्हिडिओ. बऱ्याच जणांनी बघितला, पुढे पाठवला. त्यात मी खोटं काही बोललो नव्हतो, पण जे बोललो ते अर्धंच होतं. आणि राहिलेल्या अर्ध्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

आपल्या बॅचमध्ये एक ताई आहेत. सांगली जिल्ह्यात मसाले आणि चटण्यांचा व्यवसाय, घरामागच्या शेडमध्ये चार बायका कामाला. त्यांनी तो व्हिडिओ बघितला आणि मॅकबुक घेतला. महिना साडेसात हजारांचा हप्ता, बारा महिने. जुना विंडोज लॅपटॉप दुकानदाराने एक्स्चेंजमध्ये घेतला, त्याचे सहा हजार कमी झाले. आठवड्यानंतर मला फोन आला. रागावलेल्या नव्हत्या हो. उलट आपलंच काहीतरी चुकत असणार अशा आवाजात त्यांनी विचारलं, "सर, तेवढं सांगा, यात टॅली कुठून टाकायचं?"

मी दोन सेकंद गप्प झालो. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनवलेलं आहे, मॅकवर ते थेट इन्स्टॉल होत नाही. हे मला माहीत होतं. पण माझं अकाउंटिंग माझे सीए त्यांच्या ऑफिसात करतात, त्यामुळे व्हिडिओ करताना ते माझ्या डोक्यातच आलं नाही. माझा धंदा कॅमेरा, एडिटिंग आणि झूमवर चालतो. ताईंचा धंदा टॅली, लेबल प्रिंटर आणि पेनड्राइव्हवर चालतो. मी माझ्या कामासाठीचा सल्ला सगळ्यांना वाटून टाकला.

हा विषय आत्ताच का काढला? कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. त्यामुळे अनेकांचे चांगले चालणारे कॉम्प्युटर एकदम जुने ठरलेत. नवीन घ्यायचाच आहे, मग मॅकच का नको, असा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं. प्रश्न बरोबर आहे. फक्त तो मला विचारून उपयोग नाही, तुमचे हिशेब जो लिहितो त्याला विचारा.

टॅलीचं पुढे काय झालं ते सांगतो. मार्ग आहेत. टॅली क्लाउडवर ठेवून ब्राउझरमधून वापरता येतं, पण त्याचं भाडं वेगळं आणि इंटरनेट गेलं की काम बंद. किंवा पॅरलल्ससारखं सॉफ्टवेअर घेऊन मॅकच्या आत विंडोज चालवायचं. इंटेलवाल्या जुन्या मॅकमध्ये बूटकॅम्प होतं, म्हणजे मशीन सरळ विंडोजमध्येच सुरू करता यायचं. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये एम-१ चिप आली, आणि या नव्या चिपच्या मॅकमध्ये ती सोय राहिली नाही. आता पॅरलल्समध्ये जे विंडोज ११ चालतं ते एआरएम प्रकारचं असतं. टॅलीसारखा प्रोग्राम त्यात चालवता येतो, पण खरी अडचण होते वायर लावून जोडायच्या वस्तूंची. लेबल प्रिंटर, बारकोड मशीन, डिजिटल सिग्नेचरचं टोकन, प्रत्येकाला ड्रायव्हर लागतो, आणि जुन्या उपकरणांचा एआरएमसाठीचा ड्रायव्हर असेलच याची खात्री नाही. ताईंच्या लेबल प्रिंटरचा नव्हता.

पॅरलल्सचं सबस्क्रिप्शन, विंडोजचं लायसन्स, वर जास्त रॅमचा मॅक. एवढं करून दिवसभर विंडोजच उघडून बसणार असाल तर मॅक घेतला कशाला, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

आता मराठी माणसाला खास नडणारी गोष्ट. ती कुठल्याही इंग्रजी व्हिडिओत तुम्हाला ऐकायला मिळणार नाही.

ताईंच्या चटणीच्या पाकिटांची लेबलं, रेटकार्ड, दिवाळीच्या ऑर्डरचं पत्रक, सगळं आठ-दहा वर्षांपूर्वी गावातल्या डीटीपीवाल्याने करून दिलेलं. त्याच वर्डच्या फाइलमध्ये त्या दर वेळी भाव बदलून प्रिंट काढायच्या. मॅकवर ती फाइल उघडली आणि "कांदा लसूण चटणी"च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांचा काला दिसला. ताईंना वाटलं फाइल खराब झाली. फाइल धडधाकट होती.

म्हणजे कसं, की श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी हे आतून मराठी नसतंच. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फक्त फॉन्टने त्यांच्यावर मराठी आकाराचा मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट नाही तर मुखवटा नाही. युनिकोडमध्ये मात्र 'क' हा आतूनही 'क'च असतो. म्हणून तुम्ही व्हॉट्सअॅपवर लिहिलेलं मराठी जगातल्या कुठल्याही फोनवर नीट दिसतं आणि तुमचं दहा वर्षांपूर्वीचं लेटरहेड दिसत नाही. मॅकमध्ये मराठी कीबोर्ड आणि देवनागरी फॉन्ट आधीपासूनच असतात, त्याची काळजी नको. काळजी आहे ती जुन्या फाइलींची.

माझं स्पष्ट मत आहे, मॅक घ्या अथवा घेऊ नका, या फाइली युनिकोडमध्ये आणायचं काम याच महिन्यात सुरू करा. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. रफार आणि जोडाक्षरं हमखास हलतात, "वर्ष"चं भलतंच काही होऊन बसतं. खाद्यपदार्थाच्या लेबलवर वजन, बॅच नंबर, तारीख, एफएसएसएआयचा नंबर असतो. त्यात एक आकडा चुकला तर गंमत राहत नाही. प्रिंट काढा, घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा. आणि हे काम विंडोजवर, जुना फॉन्ट शाबूत असतानाच करा, म्हणजे मूळ मजकूर शेजारी ठेवून ताडून बघता येतो. ताईंचा जुना लॅपटॉप गेला आणि फॉन्टही त्याच्याबरोबर गेला. शेवटी छापलेली पाकिटं समोर ठेवून त्यांच्या मुलीने एकेक लेबल नव्याने टाइप केलं. बावीस लेबलं.

सवयीच्या अडचणींचा मात्र उगाच बाऊ करतात. कंट्रोलच्या जागी कमांड, हे आठवड्यात हाताला बसतं. लाल बटण दाबलं की खिडकी बंद होते पण बरेचदा प्रोग्राम चालूच राहतो, तो कमांड-क्यूने बंद करायचा. फाइलवर एंटर मारलं की ती उघडत नाही, तिचं नाव बदलायला लागतं. यावर मी पहिले चार दिवस चिडलो होतो. फाइल हलवायची तर कमांड-सी आणि मग ऑप्शन-कमांड-व्ही. एक्सेल मॅकवर आहे आणि साध्या कामाला चांगलं आहे, पण एफ-फोरने डॉलरचं चिन्ह लावायची सवय असेल तर तिथे कमांड-टी आहे. पॉवर पिव्हट वापरणाऱ्यांनी आणि मॅक्रोवर धंदा चालवणाऱ्यांनी आधी आपली फाइल कुणाच्या तरी मॅकवर उघडून बघावी. पॉवर पिव्हट मॅकच्या एक्सेलमध्ये नाही, आणि अॅक्सेसही मॅकवर येत नाही.

पेनड्राइव्हचं तेवढं लक्षात ठेवा. विंडोजवर एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली हार्डडिस्क मॅक वाचतो, पण जादा सॉफ्टवेअरशिवाय तिच्यावर लिहीत नाही. सीएंच्या ऑफिसातला मुलगा डिस्क घेऊन येतो, बॅकअप कॉपी होत नाही, आणि मग "तुमचा मॅक खराब आहे" अशी बातमी गावभर. दोन्हीकडे चालायला एक्सफॅट फॉरमॅट लागतो. फॉरमॅट केल्यावर आतला डेटा जातो, तेव्हा आधी कॉपी काढून ठेवा.

मग मी स्वतः मॅकवर का आहे? कारण माझ्यासाठी तो खरंच चांगला आहे. झाकण उघडलं की काम सुरू. एका चार्जिंगवर शूटिंगचा अख्खा दिवस निघतो. एडिटिंग करताना पंख्याचा आवाज नाही, कारण माझ्या एअरमध्ये पंखाच नाही. फोटोग्राफर, डिझायनर, ऑनलाइन क्लास घेणारे, ज्यांचं काम ब्राउझरमध्ये आणि कॅमेऱ्यावर चालतं, त्यांनी जरूर विचार करावा. जीएसटीत रेग्युलर असाल तर धंद्यासाठी घेतलेल्या मशीनचं क्रेडिट मिळतं, कॉम्पोझिशनवाल्यांना मिळत नाही, हा हिशेब विंडोजला जसा तसाच मॅकला.

"क्लायंटसमोर सफरचंद चमकलं की भाव मिळतो" असं मला एका इंटिरिअरवाल्या मित्राने ऐकवलं. त्याच्या धंद्यात मिळतही असेल. पण चटणी घेणारा दुकानदार पाकीट फाडून वास घेतो, लॅपटॉपकडे बघत नाही.

दुरुस्तीचंही बघा. विंडोजचा डेस्कटॉप बंद पडला की कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला संध्याकाळी गाडीवरून एसएमपीएस घेऊन येतो, बाराशे रुपयांत काम होतं. मॅकबुकची रॅम बोर्डवरच असते, नंतर वाढवता येत नाही. त्यामुळे जुन्या स्टॉकमधला आठ जीबीचा स्वस्तात मिळाला म्हणून उचलू नका. तालुक्याच्या गावी राहत असाल तर सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे ते घेण्याआधी बघा.

घ्यायचं ठरवलंच असेल तर माझी एक अट आहे. जुना विंडोज लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये द्यायचा नाही. पाच-सहा हजारांसाठी अजिबात नाही. मासिक रिटर्न भरत असाल तर ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३-बी. मॅक २१ तारखेला आणा, म्हणजे हाताशी सगळ्यात जास्त दिवस मिळतात. पुढचा अख्खा महिना दोन्ही मशीन शेजारी ठेवा. प्रत्येक वेळी जुन्याकडे जावं लागलं की कागदावर एक रेघ मारा आणि शेजारी कशासाठी ते लिहा. बिल, लेबल, बँकेची फाइल, टोकन, जे असेल ते. कंपनी किंवा एलएलपी असाल तर रिटर्नला डिजिटल सिग्नेचर लागतेच, तेव्हा टोकन नव्या मशीनवर एकदा तरी लावून बघा. प्रोप्रायटर असाल तर ओटीपीवर काम होतं. पुढची २० तारीख नव्या मशीनवर सुखरूप गेली की मग जुन्याचं काय करायचं ते ठरवा.

ताईंचं विचाराल तर त्यांनी मॅक विकला नाही. अठरा हजारांचा रिफर्बिश्ड विंडोज लॅपटॉप घेतला, नशिबाने टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर होता, तो त्यात टाकला. मॅकवर मुलगी पाकिटांचे फोटो आणि रील्स करते, आणि छान करते. ऑर्डर थोड्या वाढल्यात. "हप्ता त्यातून निघतो का?" असं मी परवा विचारलं. त्या म्हणाल्या, "अजून नाही सर. दिवाळीत बघू."

तो जुना व्हिडिओ मी काढलेला नाही, पण त्याच्याखाली पहिल्या कमेंटमध्ये टॅली आणि फॉन्टची गोष्ट लिहून पिन केली आहे. तुमच्या धंद्यात अशी एखादी वस्तू असेल, प्रिंटर, वजनकाटा, बिलिंगचं सॉफ्टवेअर, जी मॅकला जोडताना अडली किंवा सरळ चालली, तर मॉडेलच्या नावासकट कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत ती यादी वाचून दाखवतो.