दुसरं रिडिंग

लॅबमध्ये प्रयोग कुठलाही असो, तीन रिडिंग घ्या आणि सरासरी काढा, हे आपल्याला फर्स्ट इयरपासून ऐकवलं जातं. ती तीन रिडिंग प्रत्यक्षात कुठून येतात ते मी इथे लिहिणार नाही (सर, मासिक तुम्हीही वाचता!). पण त्यामागचं तत्त्व बरोबर आहे. एकटं रिडिंग चुकू शकतं. आणि दुसरं रिडिंग पहिल्याकडे बघून लिहिलं, तर ते दुसरं रिडिंग नव्हेच, ती पहिल्याची झेरॉक्स. गंमत म्हणजे जर्नलमध्ये हे शंभर वेळा लिहिणारे आपण गाडी गॅरेजला नेली की सगळं विसरतो. गॅरेजवाला बॉनेट उघडतो, दोनदा रेस करायला लावतो, कान देतो, "हेड गॅस्केट गेलंय" म्हणतो आणि आपण मान डोलावून मोकळे!

माझं म्हणणं असं आहे, की खर्चाचा आकडा मोठा असेल तर इंजिन उघडायच्या आधी गाडी दुसरीकडे दाखवावी. आणि दाखवताना पहिल्याने काय सांगितलं ते बोलू नये. यातलं पहिलं वाक्य सगळ्यांना पटतं. दुसऱ्यावर लोक भांडतात.

मामाचंच उदाहरण घ्या. साताऱ्यात त्याची पेट्रोल गाडी भाड्याने चालते. पिवळी पाटी, बँकेचा हप्ता आणि गाडी उभी राहिली की घर उभं राहतं, असा सगळा मामला. ऐन सप्टेंबरात, कासच्या पार्किंगच्या रांगेत टेंपरेचरचा काटा वर चढायला लागला. पाणीही कमी होत होतं. नेहमीच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, "हेड गॅस्केट. इंजिन खोलावं लागेल. ३२ हजार धरा, आठ दिवस धरा." फुलांचा सीझन चार-पाच आठवड्यांचा. त्यातले आठ दिवस म्हणजे काय, ते मामाच्या तोंडाकडे बघून कळत होतं.

तरीही मामा दुसरीकडे जायला तयार नव्हता! "इतक्या वर्षांची ओळख आहे. त्याला काय वाटेल?" माझ्या मते आपल्याकडे खरी अडचण हीच आहे. दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्याला चोर म्हणणं, असा आपला समज. आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला आपण दोन डॉक्टर बिनधास्त करतो, पण गॅरेज बदललं की बेइमानी. शेवटी मामीने गाडी काढायला लावली, हे श्रेय तिचं. मी एवढंच सांगितलं, की तिथे गॅस्केट हा शब्द काढू नकोस. गाडी काय करते तेवढं सांग.

मामाने तसंच सांगितलं. हायवेला कराडपर्यंत जा, काटा निम्म्यावर. पोवई नाक्यावर किंवा रांगेत उभं राहिलं की वर. दुसऱ्या गॅरेजमधल्या पोराने (माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठा असेल) पहिला प्रश्न विचारला तो असा: "दादा, उभ्या गाडीत एसी गार करतो का?" नव्हता करत. मामाने गेल्याच महिन्यात एसीचा गॅस भरून घेतला होता, वेगळे पैसे देऊन.

आता मेकॅनिकलवाल्यांनी इथे थांबून जरा विचार करावा. गाडी वेगात असताना रेडिएटरला वारा आपोआप मिळतो, उभी असताना तो पंख्याने द्यावा लागतो. एसीचा कंडेन्सर त्याच रेडिएटरच्या पुढ्यात बसतो आणि त्यालाही तोच वारा लागतो. म्हणजे इंजिन तापणं आणि एसी गार न होणं या दोन तक्रारी नव्हत्याच, एकच होती. त्या पोराने इंजिन चालू ठेवून एसी लावला. पंखा फिरेना. फ्यूज बघितला, रिले शेजारच्या तशाच रिलेशी बदलून बघितला. मग पंख्याच्या मोटरला सरळ बॅटरीवरून करंट दिला. तरी ढिम्म. मोटरवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकलं, तर फिरायला लागला! मोटरचे ब्रश झिजले होते. मोटर बदलून, हातखर्चासकट ३४०० रुपये. संध्याकाळी गाडी परत.

मग पाणी कुठे जात होतं? रेडिएटरचं झाकण साधारण एक बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. त्याच्याही वर गेलं की झाकणाचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी बाटलीत, तिथून रस्त्यावर. गॅस्केट गेलं तरी पाणी कमी होतं आणि पंखा बंद पडला तरी होतं. लक्षण तेच, रोग वेगळा.

ही गोष्ट ऐकून माझे मित्र लगेच म्हणतात, "पहिला लुबाडत होता." मला तसं वाटत नाही. त्याने आयुष्यात तापलेली इंजिनं शेकड्याने बघितली असतील आणि त्यातल्या कितीतरींचं गॅस्केट खरंच गेलेलं असेल. त्याने अनुभवावरून अंदाज केला. आणि आणखी एक. मामा तसाच महिनाभर गाडी तापवत राहिला असता, तर ॲल्युमिनियमचं हेड वाकून गॅस्केट खरोखरच गेलं असतं आणि पहिल्याचं निदान खरं ठरलं असतं! फक्त नवं गॅस्केट टाकून पंखा तसाच राहिला असता, तर तेही टिकलं नसतं.

माझा आक्षेप अंदाजाला नाही, तो तपासून न बघण्याला आहे. गॅस्केटचा संशय इंजिन न खोलता तपासता येतो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजता येतं. शेजारशेजारची दोन सिलिंडर कमी दाखवत असतील तर संशय पक्का होत जातो. कूलिंग सिस्टिमला हातपंपाने दाब देऊन तो उतरतो का, बघता येतं. रेडिएटरच्या तोंडाशी धरायचं एक निळं द्रव मिळतं, सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात येत असेल तर ते पिवळं पडतं. यातलं काय केलं आणि आकडा काय आला, एवढं विचारायला ओळख आड येऊ नये. इंजिन एकदा खोललं, की यातलं काहीच करता येत नाही. मग दुसरं मत देणार कशावर?

"आता स्कॅनर आहे, तो सांगतो," असंही ऐकू येतं. भारतात नव्या मोटारींना ओबीडी-२ सक्तीचं झालं त्याला २०१३ पासून इतकी वर्षं झाली, हजाराच्या आतला ब्लूटूथचा डबा मोबाइलला जोडला की कोड दिसतो. पण कोड म्हणजे निदान नव्हे. पी०१७१ आला तर मिश्रण पातळ आहे एवढंच कळतं. त्याचं कारण फाटका इनटेक पाइप असेल, कमी पडलेला पंप असेल, मळलेला एअर-फ्लो सेन्सर असेल. कोड वाचून थेट ऑक्सिजन सेन्सर बदलणारे महाभाग मी बघितलेत. व्हायवाला आपणही असंच करतो म्हणा, प्रश्नातला एक शब्द ओळखीचा वाटला की तोच चॅप्टर सुरू!

दुसरं मत म्हणजे स्वस्तातलं मत, हा मात्र गैरसमज. हॉस्टेलवरच्या एका मित्राच्या बाइकला पहिल्याने क्लच प्लेट बदलायला सांगितलं, दुसऱ्याने केबल ॲडजस्ट करून पन्नास रुपयांत सोडलं. साहेब खूश. केबलला ढिलाई आधीच व्यवस्थित होती, हे दोघांनाही बघायचं नव्हतं. पसरणी घाटात इंजिन ओरडतंय आणि गाडी जागेवर, अशी वेळ आली. प्लेट बदललीच, वर टेंपोचं भाडं. दोन मतं जुळली नाहीत तर कमी आकड्याचं बरोबर, असं कुठल्या सरासरीत बसतं?

आणि शेवटचं, जे आपल्या लोकांना सगळ्यात कडू लागतं. बघण्याचे पैसे द्या. त्या पोराने ३४०० मध्ये ३०० रुपये तपासणीचे लावले होते, तर मामा म्हणाला, "नुसतं बघायचे तीनशे?" अहो, बघितलं म्हणूनच तर ३२ हजार वाचले! आपण पैसे फक्त पार्ट बदलायचे देतो, मग समोरचाही पार्टच बदलणार. त्याने अर्धा तास डोकं चालवून "काही बदलू नका, चालवा" म्हटलं, तर त्याच्या पोटात काय जाणार? मामाने बरीच घासाघीस करून शेवटी अडीचशे दिले.