घोरपड न धरता घोरपडीची मोजणी

बांधावरची घोरपड कमी झाली, असे पारावर सगळेच म्हणतात. पण किती कमी झाली, हे विचारले की कोणी बोलत नाही. मांसासाठी, तेलासाठी आणि ‘हातजोडी’च्या अंधश्रद्धेपायी तिचा जीव जातो. हातजोडी ही झाडाची मुळी म्हणून विकतात. प्रत्यक्षात ते नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते.

मोजायला घोरपड धरावी लागत नाही. फुफाट्यात दोन्ही बाजूंना नख्यांचे ठसे आणि मधोमध शेपटीची रेघ दिसली, की ती इथून गेली समजावे. तिची विष्ठा किंवा कातीचे तुकडे यांतून प्रयोगशाळेत डीएनए काढून एकेक घोरपड वेगळी ओळखता येते. समजा, पहिल्या फेरीत २० घोरपडी ओळखल्या. दुसऱ्या फेरीतही २० सापडल्या आणि त्यांतल्या ५ आधीच्याच निघाल्या, तर शिवारात अंदाजे ८० असाव्यात. मात्र ऊन-पावसात डीएनए लवकर बिघडतो, म्हणून खबर ताजी हवी.

शेतकरी बंधूंनो, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घोरपड अनुसूची १ मध्ये आहे. तेव्हा कात वा विष्ठा उचलून घरी आणू नका. जागा आणि तारीख लिहून वनरक्षकाला कळवा. ग्रामपंचायतीनेही लोक जैवविविधता नोंदवहीत ही नोंद घ्यावी. पिकाची पैसेवारी होते, गुरांची गणना होते. मग किडे-उंदीर खाऊन शेत राखणाऱ्या घोरपडीचा हिशेब गावाने ठेवायला नको का?