आभाळ फॉरवर्ड करून कळत नाही

25 जून 2025 रोजी दुपारी 12 वाजून 1 मिनिटाला शुभांशु शुक्ला फ्लोरिडाहून अंतराळात गेले. राकेश शर्मांनंतर 41 वर्षांनी एक भारतीय तिथे पोहोचत होता. विदर्भातल्या शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. मुलांना घरी काहीतरी करायला द्यायची इतकी चांगली संधी रोज येत नाही. आपण काय दिलं?

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गोष्टी फिरल्या. पहिली म्हणजे इंग्रजी वर्कशीट: प्रिंट काढा, रॉकेट रंगवा, व्हिडिओ करून पाठवा. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तोही अब्बूंबरोबर दिवसभर कामावर जातो, त्या घरातल्या मुलाने प्रिंट कुठून काढायची? दुसरी गोष्ट आपल्याच लोकांची, जुनी आणि न मरणारी: नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर अजान ऐकली आणि इस्लाम कबूल केला.

या दुसऱ्या गोष्टीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ही अफवा आहे. आर्मस्ट्राँग यांनी स्वतः ती नाकारली होती. 1983 साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला आपल्या दूतावासांना तसं कळवावं लागलं. आणि मुळात चंद्रावर हवा नाही, हवेशिवाय आवाज पोहोचत नाही, हे सातवी-आठवीचं मूलही सांगेल. आपल्या दीनची शान एका खोट्या किश्श्यावर उभी आहे का? नाही ना? मग तो किस्सा मुलाच्या हातात का देता? उद्या वर्गात तो खोटा ठरेल, तेव्हा त्या मुलाचा विश्वास फक्त किश्श्यावरूनच उडेल असं समजू नका.

वर्कशीट आणि अफवा यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्ही मुलाला बघ्या बनवतात. दोन्हीत आभाळाकडे मान वर करावी लागत नाही.

आता योगायोग पाहा. उड्डाणाच्याच दिवशी अमावस्या होती. 26 जूनला शुक्ला अंतराळ स्थानकावर पोहोचले आणि त्याच संध्याकाळी आपण मुहर्रमचा चाँद शोधत होतो. त्या दिवसापासून 10 जुलैच्या पौर्णिमेपर्यंत रोज मगरिबनंतर गच्चीवर जाऊन वहीत चंद्र काढायचा, एवढाच अभ्यास द्यायला हवा होता. ढग आले तर ‘ढग’ असं लिहायचं, तीही नोंदच. खर्च एका पेन्सिलीचा.

15 जुलैला दुपारी तीनच्या सुमारास शुक्लांचं यान प्रशांत महासागरात उतरलं. त्याच दुपारी, भारतीय वेळेनुसार 2 वाजून 57 मिनिटांच्या सुमारास, सूर्य बरोबर काबाच्या माथ्यावर होता. असं वर्षातून दोनदा घडतं, 28 मे आणि 15-16 जुलैच्या आसपास. त्या क्षणी नागपुरात ऊन असेल तर एक काठी सरळ उभी करा. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुंध्याकडे रेघ ओढा. ती रेघ किब्ल्याची. पावसाळ्यात ऊन हुकलं तर मे महिना आहेच.

पुढे आणखी मजा आहे. मक्का आणि नागपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, साधारण 21 अंश उत्तर. तरी आपला किब्ला ठीक पश्चिमेला नाही, सात-आठ अंश उत्तरेकडे झुकलेला आहे. का? पृथ्वीच्या गोलावर दोन्ही ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा, मुलगी स्वतःच सांगेल. अंतराळ स्थानक सुमारे दीड तासात पृथ्वीभोवती फिरतं, दिवसाला सोळा सूर्यास्त. मग तिथे मगरिब कधी? असं विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवू नका. 2007 मध्ये शेख मुझफ्फर शुकोर अंतराळात गेले, तेव्हा मलेशियाच्या उलेमांनी हाच सवाल गंभीरपणे घेतला आणि जिथून उड्डाण झालं तिथली वेळ धरायला सांगितलं.

काही जण म्हणतील, हे सारं दुनियावी इल्म. नमाजच्या वेळा, चाँद, किब्ला, हे सगळं सूर्य-चंद्रावरच ठरतं. ते बघायचं काम आपण छापील तक्त्यांवर आणि ॲपवर सोडलं, आणि आता म्हणतो की विज्ञान दुसऱ्यांचं आहे!

शाळांनाही एक सांगणं आहे. मी भाषा शिकवते, विज्ञानाचा तास माझा नाही. पण 1984 मध्ये राकेश शर्मांना ‘वरून भारत कसा दिसतो’ असं विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी इक़बालच्या उर्दू ओळीत उत्तर दिलं. अंतराळात चालणारी भाषा नागपूरच्या वर्कशीटवर का चालत नाही? मुलाला उर्दूत लिहू द्या, मराठीत लिहू द्या. सहल रामन विज्ञान केंद्राच्या तारांगणात जरूर न्या. पण सहल वर्षातून एकदा, गच्ची रोज.

उद्या गगनयान उडेल. तेव्हा तुमच्या ग्रुपवर पुन्हा काहीतरी येईल. फॉरवर्ड करण्याआधी मोबाइल खाली ठेवा आणि मुलाला घेऊन वर जा.