हात न लावता शिकलेला सीपीआर

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवी-पदव्युत्तर अभ्यासक्रमांत इंटर्नशिप आणि ऑन जॉब ट्रेनिंगला श्रेयांक दिले. विद्यार्थी वर्गातून उठून कारखान्यात, शाळेत, हॉटेलात, शेताच्या बांधावर जाऊ लागला. त्याआधी त्याला प्रथमोपचार आणि सीपीआर शिकवावा, हे तत्त्वतः कुणी नाकारत नाही. प्रश्न असतो कोणतं प्रशिक्षण निवडायचं, आणि तो बहुधा एका वाक्यात निकालात काढला जातो: "ऑनलाइन उरकून टाका, सर्टिफिकेट फाइलला लागलं की झालं."

हे वाक्य आळसातून आलेलं आहे असं म्हणून सोडून देणं बरोबर नाही. त्यामागे काही युक्तिवाद आहेत आणि त्यांना उत्तर दिलं पाहिजे.

पहिला युक्तिवाद असा, की ६ डिसेंबर २०२३ रोजी खुद्द केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या पुढाकाराने सीपीआरचा देशव्यापी कार्यक्रम ऑनलाइन झाला. सरकारला चालतं ते महाविद्यालयाला का चालू नये? उत्तर त्या कार्यक्रमाच्या हेतूतच आहे. ती जनजागृती होती, आणि जनजागृती म्हणून मोलाचीच होती. पण माहिती होणं वेगळं आणि करता येणं वेगळं. प्रौढ माणसाच्या छातीच्या मध्यभागी पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब द्यायचा, हे आकडे तासाभरात पाठ होतात. मग पहिल्यांदाच सरावाच्या पुतळ्यासमोर गुडघे टेकणारा मुलगा बघा. कोपरं वाकतात, जोर मनगटांवर येतो, छाती जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर दबते. मिनिटभरात धाप लागते, वेग ढासळतो आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, हे तर विसरूनच जातं. प्रशिक्षक म्हणतो, "कोपरं ताठ ठेव, खांदे तळव्यांच्या बरोब्बर वर आण." दुसऱ्या फेरीत पुतळ्यातून 'टक्' असा आवाज येतो आणि मुलाचा चेहरा बदलतो, कारण नेमका किती जोर लागतो हे त्याला आत्ता कळलेलं असतं. मोबाइलच्या पडद्यावर ते कळत नाही.

दुसरा युक्तिवाद १०८ चा. २०१४ पासून महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका मोफत धावते आहे आणि तिला फोन करणं हे पहिलंच कर्तव्य आहे. पण हृदय अचानक थांबलं आणि छातीदाब मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका कितीही तत्पर असली, तरी पहिली काही मिनिटं शेजारी उभ्या असलेल्याच्याच हातात असतात.

तिसरा युक्तिवाद भीतीचा: "पोरगा मदतीला गेला आणि नसतं लचांड मागे लागलं तर?" रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ अन्वये संरक्षण दिलं आहे. कामाच्या ठिकाणाचं म्हणाल, तर कारखाने अधिनियम १९४८ ने प्रथमोपचार पेटीसुद्धा प्रमाणपत्रधारक माणसाच्याच ताब्यात ठेवायला सांगितली होती. थोडक्यात, कायद्याची अपेक्षा शिकलेला माणूस जागेवर असावा अशी आहे. भीती वाटते म्हणून शिकायचंच नाही, हा उफराटा न्याय झाला.

चौथा युक्तिवाद सर्वात घातक, कारण तो शहाणपणाचा वाटतो: "सगळ्यांना एकच कोर्स द्या, भेदभाव नको." नेमकी इथेच निवड चुकते. इंडियन रिससिटेशन कौन्सिलने सामान्य माणसासाठी फक्त छातीदाबाची पद्धत सांगितली आहे. प्रौढ माणूस अचानक कोसळला तर ती योग्यच. पण लहान मुलाचं हृदय बहुधा श्वास अडल्यामुळे थांबतं, आणि बुडालेल्याचंही तसंच. तिथे कृत्रिम श्वासही द्यावा लागतो. म्हणून बी.एड.च्या छात्रसेवाकालासाठी शाळेत जाणाऱ्याला मुलांचा सीपीआर आलाच पाहिजे. हॉटेल मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्याला घास अडकलेल्या माणसाच्या पाठीवर पाच थापा आणि मग पोटावर पाच दाब, हे करता आलं पाहिजे. विद्युत अभियांत्रिकीवाल्याने शॉक बसलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करायचा असतो. आणि गावात राहायला जाणाऱ्या कृषिदूत-कृषिकन्यांचं काय? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले. अशा वेळी भिजलेले कपडे उतरवणं, अंग साबणपाण्याने धुणं आणि औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी डॉक्टरांपर्यंत नेणं हा प्रथमोपचार आहे. साप चावला तर जखमेला चिरा द्यायचा नाही, करकचून बांधायचं नाही. तो अवयव हलू न देता प्रतिसर्पविष मिळेल असं रुग्णालय गाठायचं.

तेव्हा निवडीचा निकष साधा आहे: विद्यार्थी जिथे उभा राहणार, तिथे काय घडू शकतं ते आधी पाहा, मग कोर्स ठरवा. थिअरी ऑनलाइन घ्यायला हरकत नाही; सराव आणि परीक्षा मात्र समोरासमोरच. पैसे भरण्याआधी संस्थेला विचारा: एका पुतळ्यामागे किती विद्यार्थी? अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या बेसिक लाइफ सपोर्ट वर्गात ही मर्यादा तीन आहे. प्रत्येकाला जमिनीवर सलग दोन मिनिटं दाब द्यायला लावता का? बाळाचा पुतळा आहे का? हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या एईडी यंत्राचा सराव होतो का? चुकलेल्याला पुन्हा करायला लावता, की हजेरीवरच पास करता? मराठीत समजावून सांगता का? शंभर मुलं, एक पुतळा आणि दोन तास असा बेत असेल, तर तो कार्यक्रम फोटोपुरता आहे.

वेळही महत्त्वाची. बेसिक लाइफ सपोर्टच्या प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षं असली, तरी हातातलं कौशल्य काही महिन्यांतच उतरू लागतं. पहिल्या वर्षी शिकवून तिसऱ्या वर्षी कारखान्यात धाडण्यात अर्थ नाही. इंटर्नशिपला निघण्याच्या आधीच्या आठवड्यांत सराव हवा.

खर्च होतो, हे खरं. पुतळे महाग आहेत, प्रशिक्षकही सहज मिळत नाहीत. मग शेजारच्या चार महाविद्यालयांनी मिळून पुतळे घ्यावेत, जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाची मदत मागावी. पण प्रमाणपत्रं विकत घेऊन खर्च वाचवू नये. प्राचार्यांनो, पुढच्या तुकडीच्या इंटर्नशिप-पत्रावर सही करण्याआधी एकच विचारा: या मुलाने पुतळ्यावर दोन मिनिटं दाब दिला आहे का? उत्तर 'नाही' असेल, तर सही थांबवा.