सावे गुरुजी कोणाचे?

ग्वाल्हेरच्या किला गेटपासून गडावर चढणाऱ्या वाटेवर कातळात कोरलेले चतुर्भुजाचे एक लहानसे मंदिर आहे. देशोदेशीचे अभ्यासक तेथे येतात ते शून्यासाठी. इ. स. ८७६ मधील तेथील शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे शून्यचिन्हासह कोरलेले आहेत. गेल्या महिन्यात एका कामानिमित्त ग्वाल्हेरला गेलो असता आम्हीही ती वाट चढलो. पेशा वकिलीचा, म्हणून की काय, आमचे लक्ष शून्यापेक्षा मजकुरावर अधिक रेंगाळले. तो मजकूर आहे जमिनीच्या दानाचा. २७० हात लांब आणि १८७ हात रुंद अशी जागा फुलबागेसाठी दिली आहे आणि त्या बागेतून देवाला रोज ५० माळा पोहोचवायच्या आहेत. गणिताने त्यातले शून्य उचलले आणि ते योग्यच झाले. बाग मात्र कोणाच्या स्मरणात राहिली नाही.

उतरल्यावर किला गेटजवळच्या हातगाडीवर चिकू दिसले. कुठले म्हणून विचारले, तर गाडीवाला उत्तरला, “बंबई की तरफ़ के.” एवढ्या दूर आलेल्या फळाला त्याने राज्याचे नाव दिले नाही, केवळ दिशा सांगितली. त्या क्षणी आम्हाला त्या दिशेची एक बाग आठवली, आणि ती उभी करणारा एक शिक्षकही. हा लेख त्यांच्या स्मरणार्थ आहे. पण त्यांच्याविषयी मराठी समाजाकडे आमची एक तक्रारही आहे.

भास्कर सावे यांचा जन्म २७ जानेवारी १९२२ रोजी समुद्रकाठच्या देहरी गावी झाला. २४ ऑक्टोबर २०१५ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, ते निवर्तले. त्यांचे सारे कर्तृत्व याच परिसरात घडले, परंतु जिल्हा आणि राज्य मात्र बदलले. देहरी ज्या उंबरगाव तालुक्यात मोडते, तो १९६० पूर्वी मुंबई राज्याच्या ठाणे जिल्ह्यात होता. मुंबई पुनर्रचना अधिनियम, १९६० चे कलम ३ आणि त्याची पहिली अनुसूची वाचली, की उंबरगाव तालुक्यातील गावांची यादी समोर येते. १ मे १९६० रोजी ती गावे गुजरातेत गेली. सावे तेव्हा अडतीस वर्षांचे होते. सातबारा ज्या कचेरीत ठेवला जाई ती कचेरी बदलली, पण जमीन, विहीर आणि खारा वारा जागच्या जागी राहिले.

सावे हे आडनाव वसईपासून डहाणूपर्यंतच्या वाडवळ समाजात घरोघरी आढळते. ‘वाडवळ’ या नावातच ‘वाडी’ आहे. वाडी म्हणजे बागायत, आणि ती राखणारा तो वाडवळ, अशी या नावाची उपपत्ती सांगितली जाते. वाडवळी ही मराठीची एक जुनी बोली आहे. अनुसूचीत गावांची नावे होती, बोलींची नव्हती. त्यामुळे रेषा ओढताना बोली दोन्हीकडे सांडली.

तरुणपणी सावे यांनी सुमारे दहा वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. त्याच काळात ते शेतीही करत होते, आणि ती आरंभी ‘आधुनिक’ होती. त्यांनी रासायनिक खते वापरली आणि ती इतरांना विकलीही. परिसरात प्रगतिशील शेतकरी म्हणून नाव कमावले. मग त्यांनी शिक्षकाच्या सवयीने वही उघडून हिशेब मांडला. खर्च दरवर्षी चढत होता, पण पदरात पडणारे उत्पन्न त्या मानाने वाढत नव्हते. गांधीजी आणि विनोबा यांच्या विचारांचा संस्कार मनावर होताच. त्यांनी हळूहळू रसायने सोडली आणि देहरीजवळ ‘कल्पवृक्ष’ नावाची चौदा एकरांची बाग उभी केली. त्यातील सुमारे दहा एकरांत मुख्यतः नारळ आणि चिकू, मधून मधून इतर झाडे. दोनेक एकरांत हंगामी पिकांची फेरपालट आणि उरलेल्या जागेत नारळाच्या रोपांची वाटिका. जपानचे नैसर्गिक शेतीचे आचार्य मासानोबू फुकुओका ही बाग पाहून गेले आणि जगात आपण पाहिलेल्या शेतांत ही सर्वोत्तम, असा अभिप्राय त्यांनी दिला. २०१० मध्ये सेंद्रिय शेतीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने सावे यांना जीवनगौरव दिला.

नोकरी सुटली तरी शिकवणे सुटले नाही. शनिवारी दुपारी बाग कोणाही पाहुण्याला खुली असे. सहकार हा निसर्गाचा मूलभूत नियम आहे, अशा आशयाची पाटी तेथे होती. आम्ही आयुष्यभर नियम, उपनियम आणि परंतुके चाळत आलो. इतक्या थोड्या शब्दांत मांडलेला आणि ज्याचे उल्लंघन केल्यास शिक्षा आपोआप होते असा दुसरा नियम आम्हाला माहीत नाही.

या सदरात आम्ही भाषेविषयी लिहितो, म्हणून गुरुजींची शिकवण शब्दांच्या वाटेनेच सांगतो. ‘तण खाई धन’ ही आपली म्हण. ती तणाला चोर ठरवते. सावे यांनी या निकालाविरुद्ध अपील केले, असे म्हणता येईल. त्यांचे म्हणणे असे, की तण उघड्या जमिनीचे ऊन अडवते, धूप थांबवते आणि कुजून तिलाच परत मिळते. बाग दाट होऊन सावली पडली, की ते आपसूक मागे हटते. दुसरा शब्द ‘आळे’. झाडाच्या बुंध्याशी आळे करून त्यात पाणी ओतायचे, ही आपली पिढीजात रीत. सावे पाणी देत ते दोन ओळींमधल्या चरातून, बुंध्यापासून दूर. अन्नपाणी शोषणारी कोवळी मुळे पसाऱ्याच्या कडेला असतात आणि त्यांना पाणी नव्हे, ओलावा हवा असतो, हे त्यामागचे कारण. मातीच्या कणांमध्ये ओल आणि हवा दोन्ही जपली जातात त्या अवस्थेला मराठी शेतकरी ‘वाफसा’ म्हणतो. पाऊस उघडून जमीन कामाजोगी झाली, की गुजराती शेतकरी म्हणतो ‘वराप’. दोन भाषांनी एकाच मातीला हात लावून शोधलेले हे जवळजवळ जुळे शब्द आहेत. देहरीसारख्या गावात दोन्ही समजतात. सीमा आखणाऱ्यांना असे शब्द मोजता आले असते, तर रेषा कदाचित कमी ताठ पडली असती.

जुलै २००६ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, सावे यांनी राष्ट्रीय शेतकरी आयोगाचे अध्यक्ष डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांना अनावृत पत्र लिहिले. हरित क्रांतीने माती आणि पाणी यांचे काय केले, याचा जाब त्यात होता. एक किलो साखरेमागे दोन-तीन टन पाणी जाते, तेवढ्या पाण्यात कितीतरी ज्वारी-बाजरी पिकेल, हा त्यातला मुद्दा ऊसपट्ट्यात राहणाऱ्या मराठी वाचकाला आजही झोंबावा. प्राथमिक शाळेतला शिक्षक देशातल्या अग्रगण्य शास्त्रज्ञाची वही तपासतो, असे ते दृश्य होते. त्या पत्रातील प्रत्येक विधान सर्वत्र लागू पडेल, असा आमचा दावा नाही. कोकणपट्टीच्या पावसावर वाढलेली बाग आणि विदर्भातले कोरडवाहू रान यांत अंतर आहे. स्वतः सावेही फळबाग आणि हंगामी पीक यांना एक मापाने मोजत नसत. पण प्रश्न योग्य होता आणि तो विचारण्याचा अधिकार त्यांनी मातीत कमावला होता.

आता तक्रार. ग्वाल्हेरात ‘भास्कर’ म्हटले की मराठी माणसाला भास्कर रामचंद्र तांबे आठवतात. तांबे मुंगावलीत जन्मले, मध्य भारतात वावरले, ग्वाल्हेरचे राजकवी झाले आणि १९४१ मध्ये तेथेच वारले. महाराष्ट्राच्या नकाशात त्यांचे गाव कधीच नव्हते. तरीही ते मराठीचे, याबद्दल कोणाला शंका नाही. कवीसाठी आपण सीमा मानली नाही, हे आपले भूषणच. मग शेतकऱ्यासाठी ती का मानतो? एक भास्कर पाठ्यपुस्तकात पिढ्यान्‌पिढ्या भेटतो. दुसऱ्याचे नाव आम्ही मराठीच्या सभा-संमेलनांतून विचारले, तेव्हा बहुतेक वेळा समोरून कोरी नजर आली. त्यांची कीर्ती जगात गेली ती प्रामुख्याने भरत मानसाटा यांच्या इंग्रजी पुस्तकातून. कारण आमच्या मते एकच: लेखणीने केलेले काम आपण भाषेचे मानतो, कुदळीने केलेले मानत नाही. ‘वाफसा’ हा शब्द कोण्या कवीने घडवलेला नाही. तो शेतकऱ्याने घडवला आणि जोवर कोणी वाफशाची वाट पाहतो, तोवरच तो जगणार आहे. कोशात ठेवून तो टिकत नाही.

कोणी म्हणेल, सावे गुजरातचे. त्यांना ‘नैसर्गिक शेतीचे गांधी’ म्हणून गुजरातने मान दिला, तुम्ही आता नवा दावा का लावता? आमचा दावा मालकीचा नाही. कायद्याच्या भाषेत सांगायचे, तर आम्ही वहिवाटीचा हक्क मागतो आहोत. शेजाऱ्याच्या बांधावरून जाण्याची वाट मागणारा त्याची जमीन मागत नसतो. गुजरातेत ते भास्करभाई आहेत आणि राहोत. आपल्या रीतीने आपण त्यांना सावे गुरुजी म्हणू. एका माणसाला दोन भाषांत दोन आदरार्थी नावे असावीत, यात कोणाचे काही कमी होत नाही. सीमाप्रश्नावर उभी हयात घालवल्यावर आम्ही इतके शिकलो आहोत, की भूभागाचा वाद न्यायालयात दशकानुदशके चालू शकतो. स्मरणावर मात्र कोणाची स्थगिती नसते.

म्हणून एक लहानशी सूचना. महाराष्ट्रात दरवर्षी १४ ते २८ जानेवारी या काळात मराठी भाषा संवर्धन पंधरवडा पाळला जातो. सावे गुरुजींचा जन्मदिन २७ जानेवारी, म्हणजे त्या पंधरवड्यातच येतो. त्या दिवशी शाळांनी भाषणे बाजूला ठेवून मुलांना जवळच्या बांधावर न्यावे आणि गावातल्या वृद्ध शेतकऱ्याकडून मातीचे, ओलीचे, तणाचे शब्द त्यांना लिहून घेऊ द्यावेत. पालघर, डहाणू आणि तलासरीच्या शाळांना तर देहरी हाकेच्या अंतरावर आहे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील मराठी मंडळांनीही हा दिवस पाळावा. सीमेपलीकडे राहून मराठी राहणे म्हणजे काय, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

त्या दिवशी किला गेटवर घेतलेले चिकू आम्ही मुक्कामी आणून कापले. काळ्याभोर, चकचकीत बिया हाती आल्या. त्यांच्यावर जिल्ह्याचे नाव नव्हते.